क्रमांक कोणासाठी? प्रबंधाची शीर्षकं, त्यांच्या पातळ्या आणि लाटेक



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे छपाईचं काय काढलंत? प्रबंधातल्या शीर्षकांना क्रमांक कसे द्यायचे ही टंकलेखकाची बाब. त्यावर तासभर काय बोलायचं? आमचं म्हणणं असं की, ही नुसती टंकलेखकाची बाब असती तर पाणिनीपासून व्हिट्गेन्स्टाइनपर्यंतच्या माणसांनी तिचा इतका बारकाईने विचार केला नसता.

आज समोर बसलेल्यांत आणि हे पुढे ऐकणाऱ्यांत बरेच जण संशोधक विद्यार्थी आहेत. त्यांतले अनेक जण लाटेक वापरतात. डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ च्या सुमारास टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभं केलं. लाटेकचा मूळ विचार साधा आहे. ‘हे ठळक कर, ते मोठं कर’ असं लेखकाने सांगायचं नाही. ‘हे प्रकरण आहे, हा त्यातला विभाग आहे’ एवढंच सांगायचं. मोजणं आणि मांडणं यंत्राकडे. म्हणजे लेखकाकडे उरतं ते फक्त एक काम, कशाच्या पोटात काय आहे हे ठरवण्याचं. आणि तेच अवघड आहे.

एक सूचना आधी देऊन ठेवतो. आज्ञांची नावं आम्ही बोलतो तशी देवनागरीत येतील. फाइलीत ती रोमन लिपीत, सलग, आणि सुरुवातीला उलटी तिरपी रेघ देऊन लिहायची.

क्रमांक म्हणजे पत्ता

प्रश्न पहिला. क्रमांक मुळात कोणासाठी असतो?

लेखकाला क्रमांकाची गरज नसते. त्याला आपलं घर माहीत असतं. सरळ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जाणाऱ्यालाही तो फारसा लागत नाही. क्रमांक लागतो तो परत येणाऱ्याला. ज्याला म्हणायचं आहे की, ‘तुम्ही ३.२ मध्ये जे गृहीत धरलंत ते ५.४ मध्ये नाकारलंत’, त्याला. आपल्या परंपरेत ग्रंथकार आधी पूर्वपक्ष मांडतो, मग त्याला उत्तर देतो. क्रमांक ही त्या पूर्वपक्षवाल्याची सोय आहे. कुठे बोट ठेवायचं ते आपण त्याला सांगून ठेवतो. ज्या प्रबंधात बोट ठेवायला जागाच नाही, त्याचं खंडन करता येत नाही. आणि ज्याचं खंडन करता येत नाही त्याची प्रशंसासुद्धा मोघमच होते.

प्लेटोच्या संवादांत मुळात क्रमांक नाहीत. १५७८ साली स्टेफानुस यांनी छापलेल्या आवृत्तीच्या पानांचे आकडे आणि पानांतल्या भागांची अक्षरं आजही जगभर वापरली जातात. अॅरिस्टॉटलच्या बाबतीत तेच काम १८३१ पासून निघालेल्या बेकर यांच्या आवृत्तीच्या पानांनी केलं. म्हणजे लेखकाने पत्ता दिला नाही तर वाचक कुठून तरी तो तयार करतात, कारण त्याशिवाय वाद घालता येत नाही. तुमच्या प्रबंधाला मात्र स्टेफानुस मिळण्याची शक्यता कमी. तेव्हा तो पत्ता तुम्हालाच द्यायचा आहे.

आता एक छोटी पण नेहमी गोंधळ करणारी गोष्ट. ‘२.१०’ हा क्रमांक लाटेक देतं तेव्हा त्याचा अर्थ दुसऱ्या प्रकरणाचा दहावा विभाग. तो दशांश अपूर्णांक नव्हे. तो २.९ च्या नंतर येतो. व्हिट्गेन्स्टाइनच्या ‘ट्रॅक्टेटस’मध्ये, म्हणजे १९२१ साली प्रथम छापल्या गेलेल्या त्या छोट्या ग्रंथात, उलट आहे. तिथे खरोखर दशांशाची पद्धत आहे. १ नंतर १.१, त्यावरचं भाष्य १.११, मग १.१२, १.१३, मग १.२. मुख्य विधानं सातच. बाकी सगळी त्या सातांवरची भाष्यं, आणि भाष्यांवरची भाष्यं. दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी तितकं त्या विधानाचं तार्किक वजन जास्त, असं त्याने स्वतःच तळटीपेत सांगून ठेवलंय. २.०२३३१ असा क्रमांक तिथे सापडतो. म्हणजे तिथे क्रमांक पत्ता तर सांगतोच, शिवाय कोण कोणावर अवलंबून आहे हेही सांगतो. आपल्या प्रबंधात तेवढं धाडस करायची गरज नाही. पण प्रश्न तोच आहे. ३.२.१ हे खरोखर ३.२ च्या पोटातलं आहे का? की नुसतंच त्याच्यानंतर आलंय?

यंत्राची शिडी

लाटेकच्या शिडीला पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एक आकडा आहे. ‘रिपोर्ट’ आणि ‘बुक’ या दोन प्रकारांत पार्ट म्हणजे खंड, उणे १. चॅप्टर म्हणजे प्रकरण, ०. सेक्शन १, सबसेक्शन २, सबसबसेक्शन ३, पॅराग्राफ ४, सबपॅराग्राफ ५. ‘आर्टिकल’ प्रकारात चॅप्टर नसतंच. त्यामुळे ज्यांनी आर्टिकलमध्ये लेख लिहायला घेतला आणि तो वाढत वाढत प्रबंध झाला, त्यांना एक दिवस प्रकार बदलावा लागतो. तो लवकर बदलावा हे बरं.

या शिडीवर दोन वेगवेगळ्या खुणा करता येतात. एकीचं नाव सेक-नम-डेप्थ. ती सांगते की, कितव्या पायरीपर्यंत क्रमांक द्यायचे. दुसरीचं नाव टॉक-डेप्थ. ती सांगते की, कितव्या पायरीपर्यंतची शीर्षकं अनुक्रमणिकेत घ्यायची. रिपोर्ट आणि बुक यांत दोन्ही मुळात २ वर असतात. म्हणून सबसबसेक्शन लिहिलं की विद्यार्थी घाबरतो, क्रमांक आलाच नाही! बिघाड काही नाही. ती पायरी ३ वर आहे आणि खूण २ वर. फाइलीच्या सुरुवातीला, मजकूर सुरू होण्याआधी, सेट-काउंटर ही आज्ञा द्यायची, पहिल्या महिरपी कंसात सेक-नम-डेप्थ आणि दुसऱ्यात ३. झालं. अनुक्रमणिकेसाठी तेच, फक्त नाव टॉक-डेप्थ.

आता हे करता येतं म्हणून करायचं का? बघा, दोन खुणा वेगळ्या ठेवल्यात याला कारण आहे. क्रमांक परत येणाऱ्यासाठी असतो. अनुक्रमणिका नव्याने येणाऱ्यासाठी. परीक्षक प्रबंध हातात घेतो तेव्हा आधी अनुक्रमणिका उघडतो आणि तिथे युक्तिवादाचा सांगाडा शोधतो. तीनशे पानांच्या प्रबंधाची अनुक्रमणिका नऊ पानं असेल तर सांगाडा दिसत नाही, नुसती हाडं मोजावी लागतात. म्हणून आमचा सल्ला, क्रमांक ३ पर्यंत न्यायचे असले तरी अनुक्रमणिका १ वर किंवा फार तर २ वर थांबवा.

इथे एक छुपा खड्डा आहे. ज्या शीर्षकाला क्रमांक नाही, त्याच्याखाली तुम्ही लेबल ही आज्ञा लिहून खूण ठेवलीत आणि दुसरीकडून रेफ या आज्ञेने तिचा उल्लेख केलात, तर यंत्र तक्रार करत नाही. वर जो शेवटचा क्रमांक पडलेला असेल तो गुपचूप छापतं. सबसबसेक्शनला क्रमांक नसेल तर त्याच्या वरच्या सबसेक्शनचा क्रमांक येईल. पत्ता अगदी खोटा नाही. पण घर विचारलं आणि गल्ली सांगितली, असं होतं. शीर्षकाच्या आज्ञेला तारांकन लावून क्रमांक काढून टाकला तरीही हेच. शिवाय तारांकित शीर्षक अनुक्रमणिकेतही येत नाही. प्रस्तावनेसारखं विनाक्रमांक शीर्षक अनुक्रमणिकेत हवं असेल तर अॅड-कन्टेन्ट्स-लाइन ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. बुक प्रकारात फ्रंट-मॅटर आणि मेन-मॅटर या आज्ञा आहेत. त्या दिल्या की सुरुवातीच्या प्रकरणांना क्रमांक मिळत नाहीत, पण अनुक्रमणिकेत ती येतात, पानांना तिथे रोमन आकडे लागतात आणि मुख्य मजकुरापासून पानं पुन्हा १ पासून सुरू होतात. काम सरळ होतं.

तीन ग्रंथ, तीन मोजण्या

आता मोजणीकडे येऊ. प्रत्येक पातळीला एक मोजणारा असतो, त्याला काउंटर म्हणतात. खरा प्रश्न असा की, वरची पातळी बदलली की खालच्या मोजणाऱ्याने पुन्हा १ पासून सुरुवात करायची की नाही? हा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण मोठ्या ग्रंथांनी त्याला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

स्पिनोझाचं ‘एथिक्स’ घ्या. त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये छापलं गेलं. पाच भाग. प्रत्येक भागात विधानांची मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून नुसतं ‘विधान ७’ म्हणून चालत नाही, ‘भाग २, विधान ७’ म्हणावं लागतं. बहुतेक भाग आपापल्या व्याख्या घेऊन उभे राहतात, आणि प्रत्येकाची मोजणीही स्वतःची. लाटेकमध्ये याला काउंटर-विदिन म्हणतात. आधी खालचा मोजणारा सांगायचा, मग वरचा. गंमत अशी की, पार्ट बदलला तरी प्रकरणांची मोजणी लाटेक मुळात थांबवत नाही. पहिल्या खंडात चार प्रकरणं असतील तर दुसरा खंड पाचव्या प्रकरणापासून सुरू होतो. हे बहुधा योग्यच असतं, कारण मग ‘प्रकरण ५’ असं एकच असतं आणि खंडाचं नाव घ्यावं लागत नाही.

दुसरं उदाहरण कांटचं. ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’ची अनुक्रमणिका ज्यांनी पाहिली आहे ते जाणतात. मूलतत्त्वांचा विचार, त्यात दुसरा भाग तर्कशास्त्राचा, त्यात पहिला विभाग विश्लेषणाचा, त्यात पहिलं पुस्तक संकल्पनांचं, त्यात दुसरं प्रकरण, त्यात दुसरा पोटभाग. सहा पातळ्या उतरून आपण त्या प्रसिद्ध युक्तिवादापाशी पोचतो. एवढा पत्ता कोण सांगणार? पण १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत कांटने एक गोष्ट केली. या सगळ्या पातळ्यांची पर्वा न करता परिच्छेदांना १ पासून २७ पर्यंत सलग क्रमांक दिले. आज कुणी ‘परिच्छेद १६’ म्हटलं की जाणकाराला पुरतं. शिडी सहा पायऱ्यांची, पण पत्ता एकच आकडा. लाटेकमध्ये याला काउंटर-विदाउट. सेक्शनला चॅप्टरपासून सोडवलं की विभाग पूर्ण प्रबंधभर सलग १, २, ३ असे चालतात. आणि नुसता आकडाच छापला जातो, प्रकरणाचा क्रमांक गळतो. या दोन्ही आज्ञा २०१८ पासून लाटेकच्या गाभ्यातच आहेत, वेगळं पॅकेज बोलवावं लागत नाही.

तिसरं उदाहरण घरचं. पाणिनीची अष्टाध्यायी. आठ अध्याय, प्रत्येकात चार पाद, पादात सूत्रं. तीन आकड्यांत कुठलंही सूत्र सापडतं. इथवर ते आपल्या चॅप्टर-सेक्शन-सबसेक्शनसारखंच दिसतं. पण गंमत पुढे आहे. पाणिनीकडे ‘अधिकार’ नावाची चीज आहे. एखादं सूत्र आपली सत्ता पुढच्या अनेक सूत्रांवर चालवतं, जणू त्या सगळ्यांचं ते शीर्षक. आणि ही सत्ता पादाच्या किंवा अध्यायाच्या कुंपणावर थांबतेच असं नाही. १.४.१ या सूत्राचा अधिकार २.२.३८ पर्यंत चालतो. पहिला अध्याय संपला, दुसरा सुरू झाला, तरी अधिकार चालूच.

म्हणजे पाणिनीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. क्रमांक हा पत्ता. शीर्षक हा अधिकार. पत्ता सांगतो, वाक्य कुठे आहे. अधिकार सांगतो, वाक्य कोणाच्या हुकमतीखाली आहे. आपल्या प्रबंधांतली बहुतेक गडबड या दोहोंची गल्लत केल्याने होते. लाटेकची शिडी दोन्ही एकाच आज्ञेत देते, म्हणून गल्लत सोपी होते. विद्यार्थी म्हणतो, ‘इथे उल्लेख करायला क्रमांक हवा’, आणि त्यासाठी नवं शीर्षक घालतो. आता तिथे शीर्षक आलं, पण त्याच्या हुकमतीखाली तीन ओळीच. अशा वेळी शीर्षक नकोच. परिच्छेदाला किंवा विधानाला सलग क्रमांक द्या, कांटसारखा. न्यू-काउंटर या आज्ञेने आपला मोजणारा तयार करता येतो, आणि गणितवाले ज्या न्यू-थिअरम आज्ञेने प्रमेयांना क्रमांक देतात तीच तत्त्वज्ञानातल्या ‘विधान’, ‘आक्षेप’, ‘समाधान’ यांनाही चालते. पत्ता मिळतो आणि अधिकाराचा बडेजाव होत नाही.

क्रमांक आणि क्रमांकाचा पोशाख

विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त वेळ जातो तो इथे. विद्यापीठाचे नियम सांगतात, प्रकरणाचं शीर्षक मध्यभागी, विभागाच्या क्रमांकानंतर टिंब, वगैरे. हे करायचं कुठे?

लाटेकमध्ये प्रत्येक पातळीच्या क्रमांकाचं छापील रूप एका आज्ञेत साठवलेलं असतं. सेक्शनचं द-सेक्शन, सबसेक्शनचं द-सबसेक्शन. ही रूपं एकावर एक रचलेली असतात. द-सबसेक्शन म्हणजे द-सेक्शन, मग टिंब, मग आपला आकडा. रिन्यू-कमांडने ती बदलता येतात. आकड्याऐवजी रोमन अंक किंवा लॅटिन अक्षर लावता येतं.

आता समजा, टिंब हवं म्हणून तुम्ही द-सेक्शनच्या शेवटी टिंब घातलंत. विभागावर ‘३.२.’ छान दिसेल. पण उपविभागावर ‘३.२..१’ येईल, दोन टिंबं. आणि मजकुरात ‘३.२. मध्ये म्हटल्याप्रमाणे’ असं वाक्याच्या मध्येच टिंब पडेल. कारण तुम्ही पत्ताच बदललात. तुम्हाला बदलायचा होता तो पोशाख. पोशाखासाठी टायटल-सेक नावाचं पॅकेज आहे. त्यातल्या टायटल-फॉरमॅट या आज्ञेला क्रमाने सांगायचं, कोणती पातळी, शीर्षकाचा आकार कसा, अक्षरांचा ठसा कसा, क्रमांक कसा दाखवायचा, क्रमांक आणि शीर्षक यांत अंतर किती. टिंब तिथे, क्रमांक दाखवण्याच्या जागी घालायचं. मग शीर्षकावर टिंब दिसतं आणि उल्लेखात पत्ता स्वच्छ राहतो.

चौथ्या पायरीवरच्या पॅराग्राफचंही तसंच. तो मुळात ओळीतच बसतो. ठळक शब्द आणि लगेच त्याच ओळीत मजकूर. अनेकांना तो वेगळ्या ओळीवर हवा असतो आणि मग ते खाली रिकाम्या जागा नि जबरदस्तीच्या ओळी टाकत बसतात. टायटल-फॉरमॅटमध्ये आकार ‘हँग’ दिला की काम होतं. जर्मनीतलं कोमा-स्क्रिप्ट किंवा मेमॉयर हा प्रकार तुम्ही वापरत असाल तर त्यांच्या स्वतःच्या आज्ञा असतात. त्यांच्यावर टायटल-सेक लादू नका, दोन शिंप्यांनी एकाच अंगरख्याला कात्री लावल्यासारखं होतं.

याच्या उलट चूकही दिसते. ‘प्रत्येक विभागावर प्रकरणाचा आकडा कशाला?’ म्हणून काही जण द-सेक्शन बदलून नुसता विभागाचा आकडा ठेवतात. पानावर ते शोभतंही. पण मोजणी तर प्रत्येक प्रकरणात नव्याने सुरू होते आहे. म्हणजे सहा प्रकरणं असतील तर सहा ‘विभाग ३’ झाले, आणि मजकुरात ‘पाहा विभाग ३’ असा उल्लेख येतो. गल्लीचं नाव न सांगता घराचा नंबर दिला, तर पोस्टमन काय करणार? एक तर मोजणी सलग करा, नाहीतर पूर्ण पत्ता ठेवा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. झीटेक किंवा लुआटेक वापरलंत तर देवनागरी सरळ लिहिता येते. ‘चॅप्टर’ या शब्दाच्या जागी ‘प्रकरण’ यायला चॅप्टर-नेम बदलावं लागतं. अंक देवनागरी ठेवा की आंतरराष्ट्रीय, पण शीर्षकात एक आणि उल्लेखात दुसरे असं करू नका.

विभागणीचे नियम

आता आमच्या घरच्या मैदानावर येतो. तर्कशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत तार्किक विभाजनाचे नियम असत. एका वेळी एकच विभाजनतत्त्व असावं. भाग एकमेकांत मिसळू नयेत. सगळे भाग मिळून मूळ गोष्ट पुरी व्हावी. आणि मधली पायरी गाळून उडी मारू नये. विद्यार्थी हे परीक्षेपुरते पाठ करतात आणि प्रबंध लिहिताना विसरतात.

लाटेक यांतली एक गोष्ट मात्र पकडून देतं. दुसऱ्या प्रकरणात सेक्शन न लिहिता थेट सबसेक्शन लिहा. क्रमांक येईल २.०.१. विद्यार्थी विचारतात, हे शून्य कसं घालवायचं? घालवता येतं, द-सबसेक्शन बदलून. पण घालवू नका. ते शून्य खरं बोलतंय. मधली पायरी तुम्ही लिहिलीच नाहीत. उपविभागाचं अक्षर छोटं दिसतं म्हणून तो घेतला असेल, तर टायटल-सेकने सेक्शनचं अक्षर छोटं करा. पातळी दिसण्यावरून निवडायची नसते.

दुसरी गोष्ट यंत्र पकडत नाही, ती डोळ्यांनी पाहावी लागते. ३.२.१ आहे आणि ३.२.२ नाहीच. एका गोष्टीचे भाग केले आणि भाग निघाला एक! मग भाग केलेच नाहीत. ते शीर्षक काढून टाका, किंवा राहिलेला दुसरा भाग शोधा. बऱ्याचदा शोधल्यावर कळतं की, दुसरा भाग म्हणजे ज्या आक्षेपाला आपण टाळत होतो तोच.

तिसरी गोष्ट भागांच्या जातीची. चौथ्या प्रकरणात ४.१ ‘शंकराचार्य’, ४.२ ‘रामानुज’, ४.३ ‘मायेची संकल्पना’, ४.४ ‘मध्व’. दोन तत्त्वं मिसळली, माणसं आणि संकल्पना. मायेचा विचार शंकराचार्यांत आला नव्हता का? आला होता. मग ४.३ मध्ये काय उरलं? इथे क्रमांक सुधारून भागत नाही, प्रकरणच पुन्हा मांडावं लागतं. ‘फीड्रस’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो की, विषयाची वाटणी नैसर्गिक सांध्यांवरून करावी, अडाणी खाटकासारखी कुठेही मोडतोड करू नये. ही जागा स्टेफानुसच्या पानांनुसार २६५ ई. बघा, पत्त्याचा उपयोग झाला.

हाताने आकडा लिहू नये

टंकलेखन यंत्राच्या काळात तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी हवं होतं हे शेवटी लक्षात आलं, तर दोनशे पानं पुन्हा टंकित करावी लागत. पैसा, वेळ, मुदत. त्यामुळे अनेक प्रबंधांत युक्तिवाद उलटाच राहिला. लेखकाला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, पण परवडलं नाही.

ती सक्ती आता नाही. पण ती स्वतःहून ओढवून घेण्याचा एक मार्ग शिल्लक आहे, मजकुरात क्रमांक हाताने लिहिणं. ‘विभाग ३.२ पाहा’ असं स्वतः टंकित केलंत की तो विभाग तिथे खिळला. उद्या तो हलवायचा म्हटलं की असे चाळीस उल्लेख शोधायचे. मग मन म्हणतं, राहू दे, आहे तेही वाईट नाही. युक्तिवाद तिथेच मरतो. म्हणून प्रत्येक शीर्षकानंतर लेबल द्या आणि उल्लेख रेफनेच करा. लेबलाचं नाव विषयावरून ठेवा, ‘माया-आक्षेप’ अशा अर्थाचं, ‘तीन-दोन’ असं नको, कारण तीन-दोन उद्या चार-एक होईल. फाइल दोनदा चालवावी लागते. पहिल्या फेरीत यंत्र पत्ते लिहून घेतं, दुसऱ्या फेरीत छापतं. लेबल सापडलं नाही तर जागेवर दोन प्रश्नचिन्हं येतात. प्रबंध सादर करण्याआधी ती शोधून काढा. परिशिष्टांसाठी अपेंडिक्स ही आज्ञा एकदाच द्यायची. तिच्यापुढची प्रकरणं आकड्यांऐवजी अक्षरांनी मोजली जातात आणि उल्लेखही आपोआप बदलतात.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याने विचारलं, ‘किती पातळ्या असाव्यात याचा काही नियम आहे का?’

विद्यापीठाचा असेल तर तो पाळा. नसेल तर एक कसोटी सांगतो. सर्वांत खालच्या शीर्षकावर बोट ठेवा आणि तिथून वर चढत एक वाक्य बोला, ‘हे अमक्याचं कारण आहे, अमकं तमक्याचं उत्तर आहे, आणि तमकं या प्रकरणाच्या प्रश्नाचा भाग आहे.’ वाक्य मध्येच तुटलं तर तिथली पायरी खोटी आहे. आमच्या अनुभवात, क्रमांक असलेल्या तीन पातळ्यांच्या पुढे हे वाक्य क्वचितच शाबूत राहतं.

दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘सर, माझा प्रबंध जवळजवळ लिहून झाला आहे. आता हे सगळं बदलायचं म्हणजे...’

बाई, आज्ञा बदलायला तुम्हाला एक संध्याकाळ लागेल. त्याआधी दुसरं काही करा. टॉक-डेप्थ ३ वर न्या, फाइल दोनदा चालवा आणि फक्त अनुक्रमणिका छापून घ्या. ती प्रबंध न वाचलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला द्या आणि विचारा, ‘यात माझं म्हणणं काय असावं?’ त्याने बरोबर सांगितलं तर टॉक-डेप्थ पुन्हा १ वर आणा आणि प्रबंध सादर करा. त्याने एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे इथे का?’, तर रागावू नका. तुमचा पहिला परीक्षक तुम्हाला फुकट मिळाला आहे, आणि मौखिक परीक्षेच्या आधी मिळाला आहे.